उलटतपास नाही

कॉलेजच्या पत्रात लिहिलंय : अध्यासन.
आई विचारते, म्हणजे खुर्चीच ना?
हो, खुर्चीच.
पण खोलीत खुर्ची अजून आलेली नाही.
पाटी तेवढी आली आहे, पितळेची,
कै. नरसीभाई पोकार कामगार कायदा अध्यासन,
आणि खाली, एका स्क्रूवर किंचित तिरकं,
माझं नाव.

निनावे हे आडनाव
त्या नावाखाली याआधीही होतं.
लकडगंजातल्या पोकार सॉ मिलच्या रोकडवहीत
रोज, पानाच्या तळाशी, उजवीकडे,
बाबांच्या सहीत.

समारंभात पुष्कळ जण बोलले.
नाल्याकाठच्या वस्तीत नळ आणला नरसीभाईंनी.
नगरसेवक असून रांगेत उभे राहायचे.
नाग नदी रस्त्यावर आली त्या रात्री
मिलच्या फळ्या टाकून अख्खी गल्ली पार केली.
खरं आहे सगळं.
बाबा एवढंच पुढे सांगायचे
की सकाळी फळ्या मोजून परत आणल्या,
दोन कमी भरल्या,
सेठ म्हणाले, लिख दो.
कशाखाली लिहू?
बाबांनी लिहिलं : पूर.

बिसाहू नेतामचं नाव कुणी घेतलं नाही.
घेणार तरी कोण,
ऐकणाऱ्यांत बाबा असते तर
त्यांनीही घेतलं नसतं, हार घालायच्या वेळी.
आऱ्याची जाळी काढली होती,
ओंडका अडतो म्हणून.
आठव्या दिवशी बिसाहूची तीन बोटं
सागाच्या भुशात सापडली.
सेठचं म्हणणं कोर्टात : जाळी जागेवर होती.
आणि रोकडवहीत, बाबांच्या वळणदार अक्षरात :
जाळी काढण्याचे, मिस्त्री, रुपये बारा.

मला ती नक्कल मिळाली आहे,
शिक्क्यासकट, पिवळी, कडेला वाळवी लागलेली.
साक्षीदार क्रमांक तीन, मनोहर निनावे, मुनीम.
होय, ही नोंद माझ्या हातची आहे.
होय, सेठना दाखवून केली.
त्याखाली एक ओळ :
उलटतपास नाही.

बाबा सांगायचे, सेठचे वकील उठले होते.
चष्मा पुसला, कागद घेतला,
सेठकडे पाहिलं.
सेठ पंख्याकडे बघत होते.
वकील बसले.

दुसऱ्या दिवशी डबा न्यायचा की नाही
यावर आईबाबांचं रात्री भांडण झालं.
डबा नेला.
सेठ गादीवरून म्हणाले,
निनावेजी, कल की रोकड बाकी है.
बस.
पुढे चौदा वर्षं पगार वाढला नाही
आणि चौदा वर्षं दिवाळीचा डबा चुकला नाही,
पाव किलो सोनपापडी, आधीएवढीच.
बाबा वजन करून बघायचे.

बिसाहू डोंगरगडकडे परत गेला.
हजेरीपटावर तो सही करायचा,
एकेक अक्षर सुटं, खिळे ठोकल्यासारखं.
भरपाईच्या पावतीवर अंगठा आहे.

मी काही वाटून घेऊ नये असं ठरवून
पहिल्या तासाला नकलेच्या झेरॉक्स वाटल्या.
नावं झाकली होती.
म्हटलं, शेवटची ओळ वाचा.
या दोन शब्दांवरून काय सिद्ध होतं?
मालकाला पश्चात्ताप?
साक्षीदाराचा धाक?
की हरायचं होतं त्याला, आणि तसं म्हणता येत नव्हतं?
माझा आवाज थोडा वर गेला असावा.
पंखा फिरत होता. मी तिकडे पाहिलं नाही.

मागच्या बाकावरून तिरोड्याचा एक पोरगा उठला :
मॅडम, काहून एवढा विचार करून राहिले?
वकील तयारी करून आला नसन.

वर्ग हसला.
मी फळ्याकडे वळले
आणि ती शक्यता
पहिल्या क्रमांकावर लिहिली.